दक्षिण कोकणचा काउबॉय

"तुला लाल माती माहिती आहे का गो?"

वुडलँड्सच्या फ्लॅटमधली खोली बघायला मी गेले, तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा एकुलता एक प्रश्न. नोकरी कुठे, नोकरीचा परवाना म्हणजे पास किती वर्षांचा, मासे चालतात का, काही नाही! समोर उभा असलेला माणूस लुंगी-बनियनमध्ये, आणि डोक्यावर काउबॉयची रुंद काठाची हॅट. मी चोवीस वर्षांची, पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी नुकतीच सिंगापूरला आलेली. म्हटलं, "महाबळेश्वरला बघितलीय."

"बघितलीय म्हणे! पायाला लागलीय का?"

"लागली होती. मोजे फुकट गेले."

"पास!" ते आतल्या दिशेने ओरडले. "अगो ऐकलंस का, मुलगी पास!"

आतून काकूंचा आवाज आला, "तिला आधी पंखा लावून द्या." झालं, मी त्या घरची झाले.

त्यांना सगळे चीफ म्हणायचे. बोटीवर चीफ इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेलं आणि आता इथल्या एका यार्डात बोटींच्या दुरुस्तीवर देखरेख. गाव दक्षिण कोकणातलं, समुद्रापासून थोडं आत. आणि वेड? वेड अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कंट्री म्युझिकचं! आता तुम्ही म्हणाल, कुठे कोकण आणि कुठे अलाबामा. मीही तेच म्हटलं होतं. त्यावर मला जे व्याख्यान ऐकावं लागलं, ते पुढे दोन वर्षांत मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल, आणि खोटं कशाला बोलू, पन्नासही वेळा रंगून ऐकलं.

तर झालं असं की ऐन तरुणपणी त्यांची बोट इंजिन बिघडून अलाबामाच्या बंदरात दोन महिने अडकली. एक दिवस चीफ गोदीजवळच्या एका बारमध्ये शिरले. तिथे एक म्हातारा गिटारवर गात होता. फाटकात उभी आई, मागे राहिलेलं घर, दूर नेणारी गाडी. "इंग्रजी गाण्यांतला एक शब्द मला कधी कळला नव्हता. हे सगळं कळलं! बाहेर आलो, खाली बघतो तर काय? लाल माती! अस्सल आपली! मी तिथेच बसून रडलो गो. तेव्हापासून मी साउदर्नर. दक्षिण ती दक्षिण, त्यांची काय नि आपली काय!"

कंट्रीची त्यांची व्याख्याही ठरलेली होती. "आई, घर आणि गाडी. आई मागे राहते, घर पडतं, गाडी तुला घेऊन जाते. बाकी सगळा मसाला." त्या वर्षांत कोकण रेल्वेचं काम जोरात चाललं होतं. आपल्याकडचे लोक पेढे वाटायच्या तयारीत आणि हा माणूस हवालदिल! "गाडी माणसाला रोज परत आणायला लागली, तर गाणं कशावर लिहायचं?" त्यांनी वर्तमानपत्राला एक कडक पत्रसुद्धा लिहिलं. टाकायला काकूंकडे दिलं. काकूंनी ते डाळीच्या डब्याखाली घातलं आणि मला म्हणाल्या, "ह्यांना रडायला मिळावं म्हणून मी माहेरी एसटीनं हाडं खिळखिळी करत जाऊ?"

शनिवारी संध्याकाळी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, चीफ लाइन डान्स शिकवायचे. तेव्हा सिंगापुरात ह्या नाचाची नुसती साथ आली होती. रांगेत वीस-पंचवीस चिनी आज्या, एखाददुसरी तमिळ बाई, मागे मी. पावलं मात्र मराठीत! "डावा, उजवा, टाच, वळ!" आज्या एका सुरात ओरडायच्या, "ताच! ताच!" सातव्या मजल्यावरची एक आजी तर लिफ्टमध्ये भेटली की मला टाच आपटून दाखवायची आणि म्हणायची, "युअर अंकल रिअल काउबॉय, लाह!" हसून हसून माझी पुरेवाट व्हायची. दिवसभर ऑफिसात मान मोडून आल्यावर असं काही वाट बघत असेल, तर परक्या देशात माणसाला आणखी काय हवं?

आणि बँड! गिटारवर शेजारचा मलाय टॅक्सीवाला हसन, गायला चीफ, आणि ढोलकी व माउथ ऑर्गन ह्या दोन्हींवर यशवंतकाका. यशवंतकाका बावीस वर्षं चीफच्या हाताखाली बोटीवर फिटर होते, आता त्याच यार्डात होते आणि तोआ पायोहला राहत. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. चीफ त्यांना येसू म्हणत, ते चीफना साहेब म्हणत. दोघं एकाच गावचे. "एकाच गावचं पाणी प्यालोय आम्ही," चीफ प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि यशवंतकाकांच्या पाठीवर थाप मारायचे. दुसरा कुणी मित्र चीफना नव्हताच. ओळखी शंभर, पण रविवारी सकाळी सात वाजता फोन करून "येसू, एक चाल सुचलीय" असं ज्याला सांगावं, असा हा एकच माणूस.

चीफ कंट्रीच्या थाटात मराठी गाणी रचायचे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं गावच्या विहिरीचं. त्यांच्याकडे विहिरीला बाव म्हणतात.

"माझ्या गावच्या बावीचं पाणी गोड,
सगळ्या गावाला तिचीच ओढ,
घागर भरली, हसली आई,
परदेशी तहान भागत नाही."

हे सुरू झालं की बायका पदर शोधायच्या, बाप्ये चष्मे पुसायचे. मी पुण्यात नळाचं पाणी पिऊन वाढले, उभ्या जन्मात घागर उचलली नाही, आणि तरी त्या बावीसाठी मुसमुसून रडायचे! आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. कुणाच्या कोण विहिरीसाठी मी का रडत होते? पण गाणं तसंच होतं, रडवणारं.

यशवंतकाका ह्या गाण्याला वाजवत नसत. ढोलकी मांडीवरून उतरवून तिच्या दोऱ्या ताणत बसायचे. मला वाटायचं, संथ गाणं आहे, लागत नसेल ढोलकी.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींचा गणेशोत्सवाचा कार्यक्रम चतुर्थीनंतरच्या रविवारी तोआ पायोहच्या एका हॉलमध्ये ठरला होता. शेवटचा नंबर चीफचा आणि सर्वांत शेवटी बावीचं गाणं. कॅसेट निघणार होती. आज्यांचा नाचही होता. चीफचा पाय जमिनीवर ठरेना.

त्यात घरचा गणपती. मखर चीफ स्वतः करायचे, आणि मूर्तीच्या मागे पडदा म्हणून दरवर्षी एकच कापड. अलाबामाच्या बंदरातल्या दुकानातून तेव्हा आणलेला मोठा झेंडा. लालभडक, त्यावर निळी फुली, फुलीत पांढऱ्या चांदण्या. चीफच्या मते हा कंट्री म्युझिकचा झेंडा. लाल रंग गणपतीचा, चांदण्या शोभेच्या. आम्हाला सगळ्यांना ते फार सुरेख वाटायचं. त्या वर्षी त्याला इस्त्री मी केली होती, हेही सांगून टाकते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी चीफ यार्डातून धावतच घरी आले. "अगो, मोदक जास्त कर! अलाबामाचा माणूस येतोय!" दुरुस्तीला आलेल्या एका बोटीवरचा सेकंड इंजिनियर तिथला निघाला होता. चीफनी त्याला अजून पाहिलंही नव्हतं, फोनवर गाव ऐकलं आणि सरळ जेवायलाच बोलावलं. दुसऱ्या दिवशी हॅट आणि बूट चढवून ते अर्धा तास आधीच एमआरटी स्टेशनवर जाऊन उभे. वुडलँड्सपर्यंत गाडी येऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. "माझा साउदर्नर भाऊ येतोय," असं म्हणे त्यांनी तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसालाही सांगितलं.

पाहुणा आला. उंच, काळा, चाळिशीचा, हातात फळांची पिशवी. चीफची हॅट बघून हसत होता. दारात बूट काढायला वाकला, उठला आणि तसाच उभा राहिला. नजर गणपतीच्या मागे.

"चीफ, तुमच्या देवामागे ते काय लावलंय?"

"तुमचा झेंडा!" चीफनी हात पसरले. "आपला! साउथचा!"

"माझा नाही," तो म्हणाला.

आवाज चढला नाही त्याचा. अगदी सावकाश सांगितलं त्यानं. त्याचे आजोबा मतदानासाठी नाव नोंदवायला गेले, म्हणून हाच झेंडा घेऊन, तोंडावर फडकी बांधून माणसं आली होती. घर जाळलं. माणसांना गुलाम म्हणून राखण्यासाठी जे लढले, त्यांचा हा झेंडा. त्याची आजी अजून कधीकधी खिडक्या लावून घ्यायला सांगते, म्हणाला.

चीफचा चेहरा मला बघवेना. ते एवढंच म्हणाले, "आणि गाणी?"

"गाणी माझीसुद्धा आहेत. माझे आजोबा बॅन्जो वाजवायचे. ते वाद्यच आफ्रिकेतून आलेल्या आमच्या लोकांनी घडवलं. पण गाण्यात ते जुनं गोड गाव आलं, की मी विचारतो, गोड कुणाला होतं?"

चीफ स्टुलावर चढले. आता घोडं अडलं! प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेआधी हलवता येत नाही, आणि झेंडा मखराच्या मागे खिळ्यांनी ठोकलेला. काकू आत गेल्या, कात्री घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कापा." चीफनी मखरामागे हात घालून त्या झेंड्याच्या पट्ट्या कापून काढल्या. शेवटच्या दोन पट्ट्यांना त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. काकूंनी आपली लाल साडी मागे सोडली. पाहुण्यानं हात धुतले, आमचं बघून गणपतीला नमस्कार केला आणि पाच मोदक खाल्ले.

खरं तर इथे संपायला हवं होतं. पण चीफ गप्प बसतील तर ते चीफ कसले! मराठीत सुरू झाले, "वीस-बावीस वर्षं हा झेंडा माझ्या घरात! एवढा जुलूम, आणि एका गाण्यात त्याची एक ओळ नाही? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

यशवंतकाका कोपऱ्यात ताट घेऊन बसले होते. ताट खाली ठेवून म्हणाले, "गाण्यात नसतंच ते, साहेब. तुमच्या बावीच्या गाण्यात तरी कुठे आहे?"

"बावीचं काय?"

"आम्ही बौद्धवाडीतले. त्या बावीला आमचा हात लागून चालायचा नाही. आई कुंपणाबाहेर घागर ठेवून उभी राहायची. कुणी वरून पाणी घातलं तर घातलं. नाहीतर टेकडी उतरून व्हाळावर, खालच्या ओढ्यावर जायची, पावसाळ्यातसुद्धा. तुम्ही म्हणता एकाच गावचं पाणी. तुम्ही बावीचं प्यालात, मी व्हाळाचं."

"अरे, पण आमच्या घरी तसलं काही नव्हतं रे!"

"साहेब, बाव तुमच्याच परसातली."

यशवंतकाका उठले. "त्या गाण्याला मी कधी वाजवलं नाही. तुमच्या कधी लक्षात आलं नाही. रविवारचं माझं धरू नका." पाहुण्यानं मला विचारलं, ते काय म्हणाले? मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. त्यानं ऐकलं, काकूंना नमस्कार केला आणि यशवंतकाकांबरोबरच बाहेर पडला. गॅलरीतून पाहिलं तर दोघं स्टेशनकडे बोलत चालले होते, हातवारे करत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

पुढचे चार दिवस! काय सांगू तुम्हाला! चीफ जेवले नाहीत असं नाही, पण जेवताना बोलले नाहीत, हे जास्त भयंकर. यशवंतकाका यार्डात समोर आले की कामापुरतं बोलायचे. फोन उचलायचे नाहीत. "येसू गेला तर माझ्याकडे काय राहिलं गो?" चीफ मला म्हणाले. "ती हॅट?"

शुक्रवारी मात्र उसळून उठले. "सुचलं!" बावीच्या गाण्याला त्यांनी नवं कडवं लिहिलं होतं. मला ओढतच तोआ पायोहला नेलं, साक्षीला. यशवंतकाकांच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कॉफी समोर ठेवून चीफनी ते कडवं त्यांना म्हणून दाखवलं. कुंपणाबाहेर उभी घागर, आणि ती आठवून परदेशात रडणारा मुलगा. सुरेख होतं हो, माझे तर डोळे भरलेच.

यशवंतकाकांनी कागद घेतला, वाचला, घडी घालून परत दिला. "साहेब, ह्यातसुद्धा रडताय तुम्हीच. माझी आई अजून उभीच आहे."

तोंडात मारल्यासारखं झालं. चीफ म्हणाले, "मग मी करू काय?"

"मला नका विचारू. मी फिटर. नट सैल असेल तर सांगतो. ह्याला कुठला पाना लागतो, ते तुम्ही शोधा."

"रविवारी येशील?"

"बघू."

रविवार उजाडला. हॉल दुपारीच भरला. आज्या लाल रुमाल बांधून आलेल्या. चीफ चक्क हॅट न घालता. ढोलकी स्टेजवर, ढोलकीमागची खुर्ची रिकामी. मी पडद्याआडून सारखी दरवाज्याकडे बघत होते. पहिलं गाणं झालं, आज्यांचा नाच झाला, हॉल टाळ्यांनी दणाणला, तरी खुर्ची रिकामीच. आता शेवटचं गाणं. संयोजकांनी नाव पुकारायच्या आधीच लोक ओरडायला लागले, "बाव! बाव!"

आणि तेवढ्यात बाजूच्या दारातून यशवंतकाका आत आले. स्टेजवर चढले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून. चीफनी त्यांना पाहिलं.

चीफ माइकशी आले. "ते गाणं मी आजपासून म्हणणार नाही. त्यात सगळ्या गावाला पाणी मिळतं. खऱ्या बावीवर मिळत नव्हतं. माझ्या मित्राची आई बाहेर उभी राहायची. बाव आमची होती. अडवणारे आम्ही होतो."

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो चीफ, सणासुदीचं हे कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं, "बोलू द्या त्यांना!" दोन-चार कुटुंबं चहाच्या निमित्तानं उठलीसुद्धा. चीफ रडले नाहीत. म्हणाले, "मला पुढचं म्हणता येत नाही. ते माझं नाही." आणि माइक सोडून ढोलकीमागच्या खुर्चीत जाऊन बसले. ढोलकी मांडीवर घेतली, उलटी!

यशवंतकाकांना हसू फुटलं. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, आधी हसू फुटलं. मग ते पायऱ्या चढून आले, ढोलकी सुलटी करून दिली आणि खिशातून माउथ ऑर्गन काढला. त्यांनी जे वाजवलं, ते मी कधी ऐकलं नव्हतं. रडकं नव्हतंच मुळी! भरभर, उड्या मारत जाणारं. मध्येच थांबून ते गायले, आई व्हाळावर जाताना म्हणायची ते गाणं. त्यात व्हाळाला शिव्या होत्या, मुकादमाला शिव्या होत्या आणि डोक्यावरच्या घागरीला दम होता, सांडलीस तर बघ! चीफची ढोलकी पार तालाबाहेर, तरी हसननं गिटार बरोबर पकडली. आज्यांना काय कळणार शब्द, पण त्यांची पावलं सुरू झाली, मग मुलं उठली, मग मी स्टेजवरून उडी मारून त्यांच्यात! काकू, माझ्या त्या गंभीर काकू, पहिल्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. इतका आनंद मला सिंगापूरच्या सगळ्या वर्षांत दुसऱ्यांदा झाला नाही.

कार्यक्रमानंतर संयोजक चीफशी बोलले नाहीत. आम्ही सगळे बसस्टॉपकडे निघालो. चीफच्या हातात रेकॉर्डिंगची कॅसेट होती. चालता चालता ते म्हणाले, "येसू, आज तुझी आई असती, तर ही कॅसेट तिलाच पाठवली असती रे."

यशवंतकाका थांबले. "असती म्हणजे? आहे की! ठणठणीत आहे. दारात नळ आलाय तिच्या, आठ वर्षं झाली. तुमच्या बावीत पिंपळ उगवलाय. तुम्ही गेलाच नाहीत ना कधी."

चीफ तिथेच पायरीवर बसले. कॅसेट हातात फिरवली. मग म्हणाले, "मी गेलो, तर मला दारात उभं करेल का रे ती?"

"करेल. पण तिच्या घरचं पाणी प्यावं लागेल."

"तिनं दिलं तर," चीफ म्हणाले.